ओट्याचा ग्रॅनाइट: पांढरकवड्याचं दुकान, मिस्त्रीचं काम आणि जोड कुठे घ्यायचा याचा आमचा अनुभव

पहिले रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच. दुकान पांढरकवड्यात हायवेच्या कडेला आहे, दगड त्यांचा आणि बसवणारा मिस्त्रीही त्यांचाच. नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण मिस्त्रीभाऊंनीच नको म्हटलं, हाताखाली दोनच पोरं आहेत आणि बांधकामाच्या सीझनमध्ये त्यांना फोन उचलायला पण फुरसत नसते. आमचं गाव केळापूर तालुक्यात, नवीन घर बांधलं, मागच्या वर्षी होळीच्या आधी ओटा बसवला, त्याला आता दीड वर्ष होत आलं. एक पूर्ण पावसाळा, दोन उन्हाळे आणि हा चालू पावसाळा एवढं पाहून मग लिहितेय, कारण ओटा बसवल्याच्या दिवशी सगळ्यांचाच छान दिसतो.

मी एवढी काळजीत का होते ते आधी सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाई वणीकडे राहतात. चार वर्षांआधी त्यांनी ओटा केला, काळा कुळकुळीत ग्रॅनाइट, घर पाहायला आलेली प्रत्येक बाई त्याच्यावर हात फिरवून जायची. ओटा १० फुटांचा आणि मिळालेला दगड साडेसहा फुटांचा, म्हणजे जोड येणारच होता, आणि बसवणाऱ्यानं तो घेतला बरोबर सिंकच्या मधोमध. त्याचं म्हणणं असं होतं की सिंकचा गाळा कापला की जोड फक्त पुढं ३ इंच आणि मागं ३ इंच उरतो, कोणाच्या डोळ्यात येत नाही. ऐकायला पटतं. पण आता विचार करा, पूर्ण ओट्यात सगळ्यात अशक्त जागा कोणती, तर सिंकपुढची ती ३ इंचाची पट्टी, तिच्या खाली काहीच नाही, तिथेच पाणी सगळ्यात जास्त, तिथेच आपण पोट टेकवून उभं राहतो, गंज-पातेली घासताना जोर देतो, आणि तिथेच याने दगडाचे दोन तुकडे केले. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्यात केसासारखी रेघ दिसायला लागली, मग त्यात नख अडकायला लागलं, मग एक बाजू खाली बसली आणि खरकटं पाणी त्या फटीतून थेट प्लायवूडच्या ट्रॉलीत. ट्रॉली फुगली, दार लागेना, झुरळं झाली. पांढरं सिमेंट भरून पाहिलं, दोनदा बाजारातली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, चार महिन्यांत पुन्हा तेच. खालून आधारच नाही तर वरून काहीही भरा, ते निघणारच.

म्हणून दुकानात गेलो तेव्हा मी दगड पाहायच्या आधीच सांगितलं की मला सिंकमध्ये जोड नको. तर मिस्त्रीभाऊ, ते आदिलाबादकडचे, मराठी आपल्यासारखीच बोलतात, ते म्हणाले, "सिंकात मी घेतच नाई वहिनी, कोनी म्हटलं तरी नाई. पह्यले माप द्या, जोड कुठी पडते ते कागदावर पाहू, गोटा मंग." मला तिथंच बरं वाटलं. याआधी दोन दुकानं फिरलो होतो, दोन्हीकडे पहिला प्रश्न कलर कोणता आणि बजेट किती.

आमचा ओटा एल आकाराचा. लांब बाजू ११ फूट खिडकीकडची, आखूड बाजू ६ फूट, रुंदी सगळीकडे २ फूट. मी घरून चित्र काढून नेलं होतं आणि त्यात लांब बाजूला सलग ११ फूट दाखवलं होतं, मग आखूड बाजूला उरले ४ फूट. भाऊ म्हणाले ११ फुटांचा सलग दगड आमच्याकडे नाही, आणि आणला तरी तुमच्या सैपाकघराच्या दारातून वळणार नाही, म्हणजे ११ फुटांत एक जोड आणि कोपऱ्यात दुसरा, असे दोन. मग त्यांनी माझ्याच कागदावर पेन्सिलनं कोपऱ्याचा चौकोन लांब बाजूकडून काढून आखूड बाजूला देऊन टाकला. आता आखूड बाजू पूर्ण ६ फूट, मागच्या भिंतीपर्यंत, आणि लांब बाजू ९ फूट. दगड तेवढाच, ३० स्क्वेअर फूट, पण जोड एकच! आणि त्यांच्याकडे सव्वानऊ फुटांचा दगड होता. एवढी साधी गोष्ट पण मी पंधरा दिवस चित्र काढत होते आणि मला सुचली नाही. तुमचा ओटा एल असेल तर दुकानात जायच्या आधी कोपरा दोन्ही बाजूंना देऊन पाहा, कोणत्या बाजूनं जोड कमी होतात ते कागदावरच कळतं.

मला कोपऱ्यात तिरपा जोड हवा होता, फोटो फ्रेमसारखा ४५ अंशात, शेजारच्या गावात एकीकडे पाहिला होता, लय सुंदर दिसतो. त्याला त्यांनी नाही म्हटलं पण कारण देऊन. सरळ जोड २४ इंचांचा होतो आणि तिरपा ३४ इंचांचा, म्हणजे १० इंच जास्त फट सांभाळा. दोन्ही दगडांना टोकदार कोन येतात, ते बसवतानाच टवके उडून जातात. वर पुन्हा दोन्ही तुकडे लांब लागतात, म्हणजे आमचा ११ फुटांचा प्रश्न परत आलाच. मी हट्ट सोडला.

आता आधाराचं. लोकं या भागावर बिलकुल बोलत नाहीत आणि माझ्या मते पूर्ण ओट्याचा जीव इथेच आहे. ग्रॅनाइटचं वजन १८ मिलीमीटर जाडीला स्क्वेअर फुटामागे साडेचार किलोच्या आसपास पडतं, आमचे ३० फूट म्हणजे १३५ किलो, सव्वा क्विंटलच्या वर नुसता दगड, त्याच्या खालचा कडप्पा वेगळा, वर मिक्सर, पाण्याचे गुंड, पिठाचे डबे वेगळे. आणि दगड दाबाला लय मजबूत, पण वाकायला तयार नाही, खालून पोकळ असला आणि मधे भार आला की लाकडासारखा लवत नाही, सरळ तडकतो. भाऊंचा हिशोब असा की २० मिलीमीटरच्या दगडाला २ फुटांपेक्षा जास्त उघडा गाळा सोडायचा नाही, ३० मिलीमीटरचा असेल तर ३ फूट चालतो. पुढं बाहेर काढायचं असेल, काही लोकं खुर्ची टाकून बसायला ओटा बाहेर काढतात ना, तर २० च्या दगडाला ६ इंच आणि ३० च्या दगडाला १० इंच, त्यापुढे खालून ब्रॅकेट पाहिजेच.

यावरून ट्रॉलीवाल्याशी आमचं चांगलंच वाजलं. त्याला मधे ३ फुटांचा सलग गाळा हवा होता मोठ्या ट्रॉलीसाठी, आणि मिस्त्रीभाऊ म्हणे दर २ फुटांवर आडभिंत पाहिजे. हे म्हणाले अरे एक फुटानं काय होते. शेवटी असं ठरलं की त्या एका गाळ्यात दोन्ही आडभिंतींत रुतवून दोन लोखंडी चौकोनी पाइप आडवे टाकायचे, एक पुढं एक मागं, रेड ऑक्साइड मारून, त्यावर कडप्पा, त्यावर सिमेंटचा मसाला आणि मग ग्रॅनाइट. बाकी गाळे २-२ फुटांचेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ९ फुटांवर जिथे जोड येतो बरोबर त्याच्या खाली अर्ध्या विटेची भिंत, दोन्ही तुकड्यांना त्या भिंतीवर २-२ इंच बसायला जागा. म्हणजे कोणत्याही बाजूवर भार आला तरी दोन्ही तुकडे एकाच भिंतीवर आहेत, एक खाली आणि एक वर असं होणार नाही. यासाठी आम्हाला गवंड्याकडून एक भिंत ५ इंच सरकवून घ्यावी लागली, तो लय कुरकुरला, पण तेव्हा फक्त विटा होत्या म्हणून जमलं, प्लास्टर झाल्यावर कोणीच केलं नसतं.

आणि आपल्याकडची अजून एक भानगड, काळी माती. सगळ्यांना माहीत आहे, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. घराच्या भिंतींना पाया असतो, पण ओट्याखालच्या आडभिंती गवंडी सरळ फरशीच्या भरावावर उभ्या करतात. घराची भिंत जागेवर राहते आणि ओट्याची भिंत भरावाबरोबर खाली बसते, मग जोड उघडतो, आणि आपण नाव ठेवतो दगडाला नाहीतर डिंकाला. जाऊबाईंच्या इथे हेच झालंय असं भाऊंनी फोटो पाहूनच सांगितलं, कारण टाइल्स आणि ओट्याच्या मधे पण फट पडली होती. आमच्या इथे त्यांनी भराव पाणी मारून धुम्मस करून घ्यायला लावला आणि प्रत्येक आडभिंतीखाली ४ इंच काँक्रिटची पट्टी टाकून घेतली. भराव एक पावसाळा पिऊन बसलेला होता हे आमचं नशीब, कापसाचे पैसे उशिरा आले म्हणून काम थांबलं होतं, तो उशीर असा कामी आला. आणि भिंतीला दगड दाबून चिकटवला नाही, २-३ मिलीमीटर सोडून त्यात सिलिकॉन भरलं, थोडी हालचाल झाली तर ते ताणलं जातं.

सिंक. मला खालून बसवायचं हवं होतं, म्हणजे ओट्यावरचं पाणी हातानं सरळ आत लोटता येतं. आमचं भांडं २० बाय १६ चं, ९ इंच खोल, काठोकाठ भरलं तर ४७ लिटर, म्हणजे ४७ किलो, आणि बरेच जण ते नुसतं सिलिकॉननं दगडाला खालून लटकवतात. भाऊंनी खाली अँगलची चौकट केली, सिंक तिच्यावर बसतं, सिलिकॉन फक्त पाणी अडवायला. गाळ्याचे चारही कोपरे गोल कापले, काटकोनात कापले की तडा तिथूनच सुरू होतो. पुढच्या पट्टीच्या पोटात खाच मारून स्टेनलेस स्टीलची सळई एपॉक्सी नावाच्या पक्क्या डिंकात बसवली, साधी लोखंडी नाही, कारण लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. हे मी विचारलं म्हणून नाही, त्यांनी आपणहून केलं आणि वेगळे पैसे पण लावले नाहीत.

दगड आम्ही टॅन ब्राउन घेतला. तो करीमनगरकडचा, पैनगंगेच्या पलीकडून सरळ हायवेनं येतो त्यामुळे आपल्या भागात रेट बरा पडतो, आम्हाला १६० रुपये फूट पडला, बसवायची मजुरी वेगळी. सासूबाईंना काळाच हवा होता, पण काळ्यावर पीठ आणि पाण्याचे डाग उठून दिसतात, आणि टॅन ब्राउनमध्ये तपकिरी दाणे मोठे-मोठे असल्यामुळे जोड त्या गर्दीत लपतो. दोन्ही तुकडे एकाच लॉटचे, ओळीनं कापलेले घेतले, नाहीतर जोडापाशी एक लालसर आणि एक काळपट असं दिसतं. जाडी टेप लावून मोजा, एका लॉटचा दगड तोंडी १८ सांगितला आणि भरला १६. काळा घेणार असाल तर पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन जोरात घासा, फडकं काळं झालं तर दगडाला रंग मारलेला आहे. मी पर्समधून लिंबू पण नेलं होतं, दोन थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवले, चमक गेली नाही. दुकानदार हसला नाही की चिडला नाही, उलट दुसऱ्या दगडावर पण टाकून पाहा म्हणाला, त्याचे अर्धा मार्क मी तिथेच दिले.

बसवायच्या दिवशी दगड कसे आणतात ते नक्की पाहा. उभे धरूनच आणले, झोपवून एकदा पण नाही, कारण आडवा धरला की स्वतःच्याच वजनानं मधून मोडू शकतो. सिंकचा तुकडा आणताना कापलेल्या जागी लाकडी पट्ट्या क्लॅम्पनं आवळल्या होत्या. दोन्ही तुकडे आधी कोरडे बसवून पाहिले, लेव्हल लावली, पुन्हा उचलले, जोडाच्या कडा घासल्या, पुन्हा बसवले, असं तीन वेळा. पोरं वैतागली पण भाऊ नाही. मसाला पूर्ण पसरला, गोळे-गोळे टाकून वर दगड ठेवायची पद्धत असते ती नाही, आणि बसवल्यावर पूर्ण ओटा टिचकी मारत-मारत ऐकला, एका जागी पोकळ आवाज आला तर तुकडा परत उचलून तिथे मसाला भरला. जोडाच्या कडा थिनरनं पुसून मग एपॉक्सीत तपकिरी-काळा रंग मिसळून भरलं, सुकल्यावर ब्लेडनं खरवडलं. फट दीड मिलीमीटरच्या आसपास आहे. डोळे मिटून हात फिरवला तर सापडत नाही, मी पाहुण्यांना करून दाखवते. शेगडी मात्र जोडापासून दूर ठेवायला सांगितली, एपॉक्सीला जास्त उष्णता सोसत नाही, म्हणून ती आता आखूड बाजूच्या मधे आहे.

अर्धा मार्क कापला त्याची कारणं. एक, सांगितलेल्या तारखेच्या पाच दिवस उशिरा आले आणि एक फोन नाही, घरी आम्ही चुलीवर सैपाक करत बसलो होतो. दोन, पुढच्या कडेच्या खाली पाणी गळायची खाच मारायची विसरले होते, ती बारीक खाच नसली तर ओट्यावरून सांडलेलं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत ट्रॉलीपर्यंत जातं. मी आठवण दिली तर मारून दिली, पण दगड बसल्यावर खालून झोपून मारावी लागली. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं, दुकानात पाणी लावून कटिंग केलं पण घरी शेवटची छाटणी कोरडीच केली. धुळीचं माझं नाही काही, ती पुसता येते. पण त्या दोन पोरांच्या तोंडाला काही नव्हतं, वीस-बावीस वर्षांची पोरं. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते, तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मी भाऊंना बाजूला घेऊन बोलले, ते म्हणाले, "हाव वहिनी, खरं हाय तुमचं," आणि मग एकानं कापायचं, एकानं बाटलीनं पाणी सोडायचं असं केलं. तुमच्याकडे कोणी कापायला आलं तर अंगणात काढा, पाण्याची बादली आधीच भरून ठेवा, त्यांनी मागितली नाही तरी द्या. मास्क पण द्या, नुसता रुमाल एवढी बारीक धूळ अडवत नाही.

वापराचं सांगायचं तर या ओट्यावर काय नाही केलं. चैत्रात कुरड्या केल्या, सोऱ्या ओट्यावर टेकवून मी आणि सासूबाई दोघींनी जोर लावून दाबला. पोळ्याला पुरणाचे मोठे गंज उतरवले, खाली लाकडी पाट ठेवून, दगड उष्णता सहन करतो पण एकदम तापला-थंड झाला तर भरवसा नाही. फक्त खलबत्ता वर ठेवत नाही, मिरची खाली जमिनीवरच कुटतो, ते भाऊंनी हात जोडून सांगितलं होतं. मागचा पावसाळा संपल्यावर ते बाजूच्या गावात कामाला आले होते तर स्वतःहून घरी आले, चहा घ्यायच्या आधी जोडावरून नख फिरवलं, वाकून आडभिंती पाहिल्या आणि मग बसले.

आता जाऊबाईंनी पण त्यांनाच बोलावलंय. नवा दगड टाकून द्या एवढंच त्यांचं म्हणणं होतं, पण भाऊंनी माप घ्यायच्या आधी ट्रॉली काढायला लावली, सिंकजवळच्या आडभिंतीपाशी एक फरशी उचलली आणि सळई खुपसून पाहिली, ती हातभर आत गेली. तिथे काँक्रिट होईपर्यंत मी दगड कापणार नाही असं त्यांनी सरळ सांगितलं आहे. गवंडी पोळ्यानंतर येतोय.